कोनफ्लॉवरच्या जागी गाडी

मंडळी, अजून डोकं शांत होत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

माझ्या कोनफ्लॉवरच्या फुलझाडांबद्दल तुम्ही कितीदा विचारलंत. रत्नागिरीच्या पावसात त्यांची मुळं कुजतात, म्हणून अंगणात लाल मातीत वाळू मिसळून उंच वाफा केला होता. पावसाळाभर वर प्लास्टिक बांधलं. परवा पहिली जांभळी फुलं उमलली.

आज सकाळी मासे घेऊन आले, तर वाफा सपाट. त्यावर मुंबईहून आलेल्या मोठ्या दिरांची गाडी उभी.

"भावोजी, माझी झाडं?"

"ते रान होय? उपटून टाकलं. गाडी उन्हात तापत होती, इथे दुपारी सावली येते."

"मला विचारायचं तरी."

"माझ्या बापाच्या अंगणात तुला विचारू?"

मी नवऱ्याकडे बघितलं. ते हळूच म्हणाले, "जाऊ दे गो. चार दिवसांसाठी आलाय तो."

कचऱ्यातून रोपं उचलून बघितली. मुळं तुटली होती, फुलं मात्र ताजी होती. मग आत जाऊन सगळ्यांना मासे तळून वाढले.

वर्षभर हे घर मी झाडते, मी उघडं ठेवते. खरं सांगा बायांनो, सासरच्या अंगणात तुमची स्वतःची वीतभर तरी जागा आहे का?