ज्या घरी मशीन, तिथे अध्यक्षीण

अक्षर वेडंवाकडं आहे आणि शुद्धलेखन चुकणार, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर मी फारसं काही लिहिलेलं नाही.

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या उन्हाळ्यात आमच्या आळीतल्या बायकांनी मिळून शेवयांचं मशीन आणलं. तोवर शेवया हाताने वळायच्या, खांदे भरून यायचे. पैसे माझ्या सासऱ्यांनी उसने दिले. मामंजी गावच्या सोसायटीत सेक्रेटरी होते. म्हणाले, एक अध्यक्ष नेमा, खजिनदार नेमा, ठराव लिहा. नाहीतर मी पैसे मागायचे कुणाकडे?

बायकांना ते नको होतं. एकीला मोठं केलं की बाकीच्यांशी वाकडं येणार. शेवटी शेजारच्या म्हाताऱ्या काकू म्हणाल्या, "ज्या दिशी जिच्या घरी मशीन, त्या दिशी ती अध्यक्षीण. तिला मागा."

मामंजींना हसू आलं, पण पैसे दिले.

मशीन खाटेला आवळायचं. एकीने कणीक दाबायची, एकीने दांडा फिरवायचा, एकीने खालून शेवया झेलायच्या. एकटीचं ते काम नव्हतंच. उद्या मशीन आपल्याकडे येणार म्हणून आज सगळ्या दुसरीकडे राबायच्या. कुणी कुणाला बोलवायला जात नसे. मामंजींचे उसने फेडायला प्रत्येकीच्या वाट्याचे जमलेले पैसेही मशीनबरोबर पुढच्या घरी जायचे. मामंजी वसुलीला निघाले की आधी मशीन कुठे आहे ते आळीभर विचारत हिंडायचे, आणि दर घरी चहा पिऊन यायचे. सासूबाई म्हणायच्या, सोसायटीत ह्यांना पाणीसुद्धा कुणी विचारत नाही.

एकीचा वाटा मात्र राहिला. तिला नवऱ्याने टाकलेलं, भावाकडे राहायची, हातात पैसा नसायचा. मामंजी म्हणाले, तिला काढा आणि तिचा वाटा वाटून घ्या, नाहीतर मिरगाच्या आत मी मशीन नगरला विकतो. त्या दिवशी मशीन आमच्याच घरी होतं.

मी मामंजींशी कधी बोललेच नव्हते. जे असेल ते सासूबाईंच्या तोंडून. ते ओसरीवर, मी दाराआड. सासूबाई तांदूळ निवडत बसल्या. मी वाट पाहिली, त्या काही बोलेनात.

"मामंजी, तिला काढायचं न्हाई," मी म्हणाले. "तिच्याएवढा दांडा आमच्यात कुनीच फिरवीत न्हाई. मिशनऱ्यांच्या शाळेतल्या बाया मजुरी देऊन शेवया करून मागत्यात. ती करंल, आमी हात लावू."

"आन न्हाई जमलं तर?"

"तर मशीन घिऊन जा."

मामंजी सासूबाईंना म्हणाले, "हिला तोंड हाय व्हय?"

"अध्यक्ष पायजे म्हून तुमीच मागं लागला हुता," सासूबाई म्हणाल्या.

मग शाळेतल्या बायकांचा गहू आला. आम्ही आपापली कामं उरकून जायचो, ती दांडा धरायची. पहिल्यांदा मजुरी हातात आली तेव्हा तिने ती कितीतरी वेळ नुसती धरून ठेवली.

मिरगाच्या तोंडावर मामंजी तिच्या दारी गेले. भाऊ लगबगीने पुढे आला, घोंगडी अंथरू लागला. मामंजी म्हणाले, "तुज्याकडं न्हाई, हिच्याकडं आलोय."

ती डोक्यावरून पदर घेऊन बाहेर आली. पदराची गाठ सोडून तिने सगळे पैसे त्यांच्या हातावर ठेवले. मामंजींनी ते मोजले आणि म्हणाले, "फिटलं."