फ्लॉपीवरचं कुंकू

नवा कॉम्प्युटर यायचा होता, तेव्हा जुन्यातलं सगळं काढून घ्यायचं काम माझ्यावर आलं. दुसरं कोणी नव्हतंच. साताऱ्यात कोर्टाच्या मागच्या गल्लीत आमचं टायपिंगचं दुकान होतं. प्रतिज्ञापत्रं, अर्ज, भाडेकरार, क्वचित एखादी लग्नपत्रिका. टाइपरायटर बाजूला सारून त्या गल्लीत पहिला कॉम्प्युटर आम्ही आणला. आम्ही म्हणजे माझ्या नवऱ्यानं. तो श्रावणात गेला. जाण्याआधी सांगलीच्या एका दुकानदाराला त्यानं नवा कॉम्प्युटर सांगून ठेवला होता, जुना बदल्यात द्यायच्या बोलीवर. दिवाळी झाली आणि सांगलीहून निरोप आला, मशीन तयार आहे, तुमचं जुनं रिकामं करून ठेवा.

त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नव्हतं. भेटायला येणारे रडायचे आणि मी त्यांना चहा करून द्यायचे. माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर, अशी माझी माहेरी-सासरी ख्याती. तो रागही कुठं गेला होता कोण जाणे. वकिलांचे कारकून एकच कागद चार-चारदा बदलून मागायचे आणि मी मुकाट्यानं बदलून द्यायचे.

तर मी कामाला लागले. शिक्क्याच्या कागदाला, म्हणजे स्टँपपेपरला, वरून किती जागा सोडायची, डावा समास किती, कुठली कळ दाबली की कुठलं जोडाक्षर, हे सगळं नवऱ्यानं मशीनमध्ये बसवून ठेवलेलं होतं. ते पडद्यावरून बघून मी वहीत उतरवून घेतलं. फाइली मात्र फ्लॉप्यांवर घ्यायच्या होत्या. तेव्हाच्या फ्लॉप्या म्हणजे तळहाताहून जरा मोठ्या, काळ्या, वाकणाऱ्या. मधे एक भोक आणि खाली लांबट खिडकी. त्या खिडकीतून आतली चकती उघडी दिसायची. त्या उघड्या जागेला बोट लावायचं नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. लग्नानंतर नवऱ्यानं मला दिलेली पहिली ताकीदही तीच.

दोन दिवस मी फ्लॉपी घालत होते, काढत होते, वर पेनानं नाव लिहीत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी एक फाइल दिसली. नाव 'दुकान'. उघडली तर पहिलं वाक्य होतं, "हे तुझ्यासाठी लिहून ठेवतो आहे."

शेवटच्या आजारात तो मधे आठ दिवस दवाखान्यातून घरी आला होता. मी स्वयंपाकाला घरी गेले की तो दुकानात येऊन बसायचा. तेव्हाच लिहिलं असणार. हा माणूस तोंडानं सलग दोन वाक्यं बोलायचा नाही, आणि फाइल होती बावीस पानांची. मी पहिलं पान वाचलं. शिक्क्याच्या कागदाचं लिहिलं होतं. रिबन कोणाकडून आणायची ते लिहिलं होतं. "वकील शुद्धलेखनावरून चिडतील, तू चिडू नकोस. तू लगेच तापतेस." आणि खाली, "नवीन मशीन आलं की सगळं दोन-दोन फ्लॉप्यांवर घे. एकीवर विसंबू नकोस."

पुढची एकवीस पानं मी वाचली नाहीत. नव्या कॉम्प्युटरवर वाचू म्हटलं. खरं सांगायचं तर वाचली असती तर ती संपली असती. दुकानात प्रिंटर होता, कागदाचा गठ्ठा होता, तरी छापूनही घेतली नाहीत. दोन फ्लॉप्यांचं तर वाचूनसुद्धा केलं नाही. कोऱ्या फ्लॉप्या संपत आल्या होत्या, एवढंच कारण. मी ती फाइल एका फ्लॉपीवर घेतली आणि वर 'दुकान' असं लिहिलं.

सांगलीचा दुकानदार जीप घेऊन आला. नवं मशीन लावून दिलं, मी वहीत बघून समास-बिमास बसवून घेतले, आणि तो जुनं घेऊन गेला. मग आत्या म्हणाल्या, पूजा केल्याबिगर बटण दाबायचं न्हाई. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. लोणंदजवळच्या एका खेड्यातल्या, अक्षरओळख नाही, सासऱ्यांच्या मागं एकुलत्या एका लेकाला वाढवलेल्या. घरात दुःख होतं, सणवार नव्हते, पण नवी वस्तू तशीच कशी वापरायची, असं त्यांचं म्हणणं.

आता कुंकू कोणी लावायचं? आत्या विधवा, मी विधवा. शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या बायकोला बोलावलं. मोठ्या मनाची बाई, हातातलं काम टाकून ताट घेऊन आली. आत्यांनी मला विचारलं, "माज्या लेकानं लिवल्यालं कशात हाय गं?"

मी गठ्ठ्यातून ती फ्लॉपी काढून दाखवली.

"ती वर ठिव. तिलाबी कुंकू लागू दे."

मीच ती पाकिटातून काढून गठ्ठ्यावर ठेवली. झेरॉक्सवाल्या वहिनींनी पडद्याला हळद-कुंकू लावलं, कळफलकाला लावलं, मग फ्लॉपीकडे वळल्या. कुठं लावावं म्हणून क्षणभर थांबल्या. काळ्या फ्लॉपीवर तेवढी ती खिडकी चमकत होती, एखाद्या कपाळासारखी. त्यांनी बोट कुंकवात बुडवलं.

मला दिसत होतं. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. एक शब्द पुरला असता. पूर्वीची मी असते तर गल्ली गोळा झाली असती. पण मी नुसती बघत राहिले. विधवा बाई बाजूला उभी राहते तशी बाजूला उभी राहिले. त्यांनी तिथं हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि फुलानं पाणीही शिंपडलं.

सगळे गेल्यावर मी कापडानं पुसायला घेतलं. जितकं पुसलं तितकं कुंकू पसरलं. मशीनमध्ये घातली तर खरखर आवाज आला आणि पडद्यावर इंग्रजीत ओळ आली, वाचता येत नाही म्हणून. पाच-सहा वेळा घालून पाहिली. मला रडू आलं नाही. मी मशीन बंद केलं, घरी जाऊन भात टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं सांगली गाठली. आपला जुना कॉम्प्युटर दुकानातल्या फळीवर दिसला तेव्हा जिवात जीव आला. पण दुकानदार म्हणाला, "वैनी, आमी मशीन आल्या आल्या साफ करतो. तुमीच म्हणला हुतासा, समदं घेतलंय म्हणून."

"हो, म्हणाले होते," मी म्हटलं.

त्याला वाईट वाटलं. त्यानं चहा मागवला, माझ्यासमोर मशीन चालू करूनही दाखवलं. आत काही नव्हतं. माहेर तिथून चालत दहा मिनिटांवर, पण मी तिकडं गेले नाही. परतीच्या एसटीत कऱ्हाडपर्यंत झोप लागली.

आत्यांना काही सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं? त्यांच्याच सांगण्यावरून पूजा झाली होती. पण चार दिवसांनी त्या दुकानात आल्या, गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "काय लिवलंय त्येनं, वाच की."

पडद्यावर कुणाचा तरी भाडेकरार होता. मी त्याच्याकडे बघत पहिलं पान म्हणून दाखवलं. ते पाठच होतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि पदर सावरून गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा हजर. "फुडं?"

पुढचं मला कुठं माहीत होतं! मी रचायला लागले. भाडेकराराच्या, वाटणीपत्राच्या ओळींवरून नजर फिरवत मी त्याचं लिहिणं वाचत होते. प्रिंटरचं झाकण जपून उघड. आईचा गुडघा थंडीत दुखतो, तेल कोमट करून दे. आईला लोणंदच्या बाजारातला गूळ आवडतो, कोणी येणारं-जाणारं असेल तर मागव. गुळापाशी आत्या म्हणाल्या, "आसं लिवलंय? त्येला कवा ठावं हुतं ते?" मी म्हटलं, लिहिलंय खरं. बातम्या वाचाव्यात तशी मी वाचायचे. आवाज हलायचा नाही आणि आत काही व्हायचंही नाही. रोज थोडं, असं वर्षभर चाललं. बावीस पानं कधीच उलटून गेली होती.

वर्षश्राद्ध झालं आणि पाठोपाठ दसरा आला. खंडेनवमीला दुकानातली यंत्रं पुजायची. झेरॉक्सवाल्या वहिनी यंदाही ताट घेऊन आल्या. आत्यांनी त्यांच्या हातातून कुंकवाचा करंडा घेतला.

"तू बस बाई," त्यांना म्हणाल्या आणि करंडा माझ्यापुढं धरला. "औंदा तू लाव."

वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "आत्या, मी कशी लावणार?"

"तूच लावायची. कुठं लावायचं न्हाई ते तुलाच ठावं हाय."

मला कळायला जरा वेळ लागला. वहिनींना काही कळलं नाही, ते बरंच झालं. मी कुंकू लावलं, कडेला, जिथं काही बिघडत नाही तिथं. वहिनी प्रसाद घेऊन गेल्या. मग मी आत्यांकडे वळले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तू कापडानं पुसत हुतीस, मशीन खरखरत हुतं. मी मागारी आले हुते दाराशी."

आणि माझा वर्षभर हरवलेला राग एकदम आला. मी ओरडले. बाहेर कोर्टाची माणसं उभी होती, तरी ओरडले. "मग रोज येऊन ऐकत काय बसत होता? वर्षभर मला खोटं बोलायला लावलंत! तेव्हाच का नाही बोललात?"

त्यांनी मला ओरडू दिलं. माझा आवाज चिरकला, तरी त्या तशाच बसून होत्या. मी थांबल्यावर म्हणाल्या, "तू वाचतीस तवा त्यो बोलतूय आसं वाटतं गं."

मग त्यांनी स्टूल पडद्याजवळ ओढलं.

"हं. वाच फुडं. काय लिवलंय त्येनं?"

पडद्यावर कुणाचं तरी प्रतिज्ञापत्र होतं. मी वाचायला लागले, आणि दुसऱ्याच ओळीला मला रडू फुटलं.