कॅप्टनचे उसने कान

मिक्सर दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थाला सगळी गल्ली कॅप्टन म्हणे. जहाज त्याने चित्रातच पाहिले होते. पण जेवताना बायकोला "मीठ वाढ, ओव्हर" म्हणणाऱ्या माणसाला दुसरे म्हणणार तरी काय? दुकानामागच्या खोलीत देशोदेशीच्या हौशी मंडळींशी बोलायचा त्याचा रेडिओ होता, गच्चीवर अँटेना होती आणि स्वतःच्या भारदस्त आवाजाचा गर्व तर आकाशाला भिडलेला.

हौशी मंडळींच्या क्लबात तो इंटरनेटवाल्यांची सालटी काढी. परदेशातल्या कुणाचा रिसीव्हर आपण कॉम्प्युटरवर ऐकतो, असे कोणी म्हटले की हा विचारी, "सासऱ्याचा चष्मा लावून पेपर वाचता आणि नजर चांगली म्हणून मिरवता?" नियमही त्याच्याच बाजूचा होता. बोलायचे आपल्या अँटेनावरून, ऐकायचेही तिथूनच; तरच ज्याच्याशी बोललो त्याचा मुलूख आपल्या खात्यात जमा.

खात्यात आता एकच ओसाड बेट यायचे राहिले होते. काही हौशी तिथे रेडिओ घेऊन आठवडाभरासाठी उतरले. पुन्हा कधी कोण जाईल, देव जाणे. क्लबातल्या कालच्या नवशिक्यांचीही बेटाशी गाठ पडली. ती नावे इंटरनेटवर झळकत होती. कॅप्टनच्या कानात मात्र इमारतीतल्या नव्या दिव्यांची खरखर.

शेवटच्या दुपारी त्याने दार लोटले आणि गुपचूप कॉम्प्युटर लावला. समुद्रापलीकडच्या कुणा परक्याच्या रिसीव्हरवर बेट कसे स्वच्छ ऐकू येत होते! कॅप्टनने माइक धरला आणि आपले संकेतनाव पुकारले. तो थांबताच एका घोगऱ्या, नाकात बोलणाऱ्या माणसाने तेच संकेतनाव पुकारले. पुन्हा पुकारले, पुन्हा तेच. क्लबातलाच कोणीतरी आपली टिंगल करतोय, अशी त्याची खात्री पटली. मग त्याने त्या नकलाकाराचा मातृभाषेत यथेच्छ उद्धार केला. क्षणभराने नकलाकाराने तोच उद्धार शब्दशः परत केला.

चहा घेऊन आलेली बायको दारातूनच म्हणाली, "तुमचाच आवाज आहे तो. तिकडे फिरून परत येतोय."

"माझा आवाज असा नाही."

"असाच आहे. मी इतकी वर्षं ऐकतेय."

तेवढ्यात बेटावरचा माणूस हसत हसत बोलला. हा गलका त्याला छान ऐकू गेला होता. त्याने कॅप्टनचे संकेतनाव उतरवून घेतले, शुभेच्छा दिल्या आणि पुढच्या माणसाकडे वळला. जन्मभराचे काम असे चुटकीसरशी झाले, आणि नियमाने ते झालेच नव्हते.

प्रॉम्प्टरच्या जिवावर टाळ्या घेणारे नट काही कमी नसतात, पण निदान ते प्रॉम्प्टरला शिव्या तरी देत नाहीत.

बायकोने चहा टेबलावर ठेवला. "मिळालं का एकदाचं बेट?"

"मिळालं."

"स्वतःच्या कानांनी ऐकलंत?"

"जवळजवळ," कॅप्टन म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता त्याने वेबसाइटवर बेट आपल्या खात्यात जमा करून टाकले.