बेचाळीस अक्षरांची होडी

माझ्या घरातल्या वह्या वापरात असतात. गॅस कधी लावला, टाकी कधी धुतली, कुणाच्या लग्नात काय आहेर आला, सगळं लिहिलेलं असतं. सांगलीतल्या एका इस्पितळाचं स्टोअर मी गेली वीस वर्षं सांभाळते. तिथे यादी चुकली तर ऑपरेशन थांबतं. ती सवय घरी आली आणि राहिली. या वह्यांतली निळ्या पुठ्ठ्याची एक वही मात्र जुन्या जपानी कॉम्प्युटर खेळांची आहे, आणि ती मला सगळ्यांत प्रिय आहे.

खेळ माझ्या धाकट्या भावाचे. तो फिटर. तरुणपणी तीन वर्षं कंत्राटावर जपानमधल्या एका कारखान्यात होता, तिथे कामापुरतं जपानी वाचायला शिकला. बरोबरच्या लोकांनी येताना कॅमेरे आणले, घड्याळं आणली. यानं आणला एक जुनाट कॉम्प्युटर, सगळं की-बोर्डातच असलेला आणि टीव्हीला जोडायचा, आणि त्याच्या एकेचाळीस कॅसेटी. कॅसेट म्हणजे मागच्या खाचेत खुपसायचा प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा. जुन्या सामानाच्या दुकानात कुणी विचारत नाही म्हणून त्या टोपलीत टाकलेल्या होत्या. यानं टोपलीच उचलली. आता तो आटपाडीला डाळिंबाची बाग करतो आणि रविवारी दुपारी खेळतो.

यादी मी केली, कारण त्यानं केली नसती. जपानी नावं मला वाचता येत नाहीत, म्हणून आमची नावं दिली. 'स्टेशनमास्तर' या खेळात एका आडबाजूच्या स्टेशनवर गाड्यांना सिग्नल द्यायचा. गाडी उशिरा सुटली तर प्रवासी ओळीनं वळून तुमच्याकडे बघतात. 'चौकशी' मध्ये खून झालेला असतो, आणि एकाच माणसाला फार प्रश्न विचारले तर तो वैतागून चहा टाकायला आत निघून जातो. 'पाचोळा' मध्ये मंदिराचं अंगण झाडायचं. वारा येतो, पानं पडतात, पुन्हा झाडायचं. शत्रू नाही, गोळीबार नाही. मी पहिल्यांदा हसले आणि मग पाऊण तास झाडत बसले.

माझ्या मोबाईलमधल्या एका फोटोला जेवढी जागा लागते, तेवढ्यात यातले कितीतरी खेळ मावतील. इतक्या थोड्या जागेत कुणीतरी वैतागलेला माणूस बसवला, वारा बसवला. स्टोअरची जागा पुरत नाही म्हणून रोज कुरकुरणाऱ्या मला या लोकांचा फार आदर वाटतो.

पण भावाचा जीव एकाच खेळात अडकला होता. यादीत त्याचं नाव 'होडी'. तुम्ही नावाडी. बारा बेटं. माणसं चढतात, दोन वाक्यं बोलतात, उतरतात. पहिल्याच बेटावर गाठोडं घेतलेली एक म्हातारी चढते आणि ती उतरतच नाही. प्रत्येक बेटाला विचारलं की म्हणते, "अजून नाही." भाऊ दोन वर्षं तिला घेऊन वल्हवत होता.

"उतरणार कुठं ही बया, एवढं कळलं की झालं," तो म्हणायचा. "मग मी सुटलो."

भाच्यानं इंटरनेटवर शोधून पाहिलं. बाकीच्यांतले बरेच सापडले. 'होडी' बद्दल कुठे काहीच नाही. शेवट बघायचा तर स्वतःच वल्हवायला हवं होतं.

त्या काळच्या या मशिनला आठवण नाही. बंद केलं की गेलं. म्हणून खेळ थांबवताना ते पडद्यावर बेचाळीस अक्षरं दाखवतं. ती उतरवून घ्यायची आणि पुढच्या वेळी जशीच्या तशी भरायची, की जिथे होता तिथून सुरू. भाऊ ती अक्षरं डाळिंबाच्या पेटीवर लिहायचा, पेटी व्यापाऱ्याकडे जायची. तेव्हा मी ते काम माझ्याकडे घेतलं. त्यानं फोनवरून सांगायचं, मी देवनागरीत वहीत उतरवायचं.

अक्षरं भरायचा तक्ता भावानं पहिल्यांदा वाचून दाखवला तेव्हा मी चकित झाले. अ इ उ ए ओ. खाली क कि कु के को. पुढे त, न, म, य, र, व, आपल्याच क्रमानं. फक्त स आणि ह मध्येच घुसलेले.

"अरे, ही तर आपली बाराखडी!"

"मग! बुद्धाचे भिक्खू घिऊन गेलते म्हणं," भाऊ म्हणाला. "वाटंत निम्मी पोरं गळाली. ऱ्हायली ती अजून रांगंत हुबी हायती."

हे मला इतकं आवडलं की वहीच्या पहिल्या पानावर मी तो तक्ता रेघा मारून काढला.

एकदा फोनवर 'म' चा 'न' झाला आणि अर्धा रविवार वाया गेला. स्टोअरमध्ये अशी चूक झाली की मी नियम करते, तसा इथेही केला. प्रत्येक अक्षराबरोबर एक शब्द सांगायचा. मक्यातला म, नांगरातला न. आणि लिहिताना विश्वास शब्दावर ठेवायचा, आवाजावर नाही. शेवटी मी सगळं वाचून दाखवायचं आणि त्यानं होकार द्यायचा.

नियम लागू झाल्यावरची पहिलीच वेळ. बागेत काम नव्हतं, म्हणून भावानं चार दिवस मशीन बंदच केलं नाही. चौथ्या बेटावरून तो थेट अकराव्यावर गेला. पाचव्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला.

"आक्का, वही घे. मशिनला करपल्याला वास येतोय."

"आधी बंद कर!"

"बंद केलं तर म्हातारी बुडंल की! ल्ही लवकर. कोंबडीतला को. सुगीतला सु. हिकडचा हि..."

मी लिहिलं, वाचून दाखवलं, तो व्हय व्हय म्हणाला आणि त्यानं वायर उपटली. फोटो काढायचा प्रश्नच नव्हता. त्याचा स्मार्टफोन महिन्यापूर्वी फवारणीच्या टाकीत पडला होता आणि हातात साधा बटणांचा फोन होता.

असलं मशीन उघडून बघेल असा माणूस साताऱ्यात सापडला, जुना टीव्ही मेकॅनिक. आम्ही दोघं एसटीनं गेलो. त्यानं झाकण काढलं, बराच वेळ आत बघितलं आणि कौतुकानं मान हलवली.

"आवं ताई, काय सोल्डरिंग केलंय बघा. एक थेंब वाकडा न्हाई."

"चालेल का?"

"चालंल. पण ह्यो पार्ट आता मिळायचा न्हाई. अर्धा तास चालवा, अर्धा तास थंड करा. आणि गावाकडच्या व्होल्टेजवर लावू नगा. किती दिवस टिकंल, मला इचारू नगा."

म्हणून मशीन सांगलीला माझ्याकडे आलं. भाऊ मुक्कामाला राहिला. सकाळी चहा घेऊन आम्ही बसलो. मी अक्षरं वाचली, त्यानं भरली. पडद्यावर एक ओळ आली. भाऊ पुढे वाकून ती वाचू लागला.

"काय म्हणतंय?"

"चूक हाय म्हणतंय."

पुन्हा भरली. चूक. तिसऱ्यांदा मी बोट ठेवून एकेक वाचलं. चूक. आधीची अक्षरं भरून पाहिली. ती चालली, पण त्यांनी चौथ्या बेटावर नेऊन सोडलं. तिथून अकराव्यापर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासानं जायचं म्हणजे मशीन पोचलं असतं की नाही, कोण जाणे.

"तू ल्हिताना चुकलीस," भाऊ म्हणाला.

"मी वाचून दाखवलं होतं. तू होकार दिलास."

"तुझा त्यो नियम! पयल्यासारखं सरळ सांगत हुतो तवा बरं चाललं हुतं."

मी रागानं स्वयंपाकघरात गेले. वीस वर्षांत माझ्या यादीला कुणी असं बोललं नव्हतं. भाकरी थापत होते तेवढ्यात दारात भाजीवाला आला. भाऊ उठून गेला आणि मोठ्यानं म्हणाला, "हिकडं आण गाडा. हिथं, हिथं सावलीला."

माझा हात थांबला. आमच्याकडे इकडं म्हणजे हिकडं, इथं म्हणजे हिथं. मीही माहेरी तसंच बोलत होते. नोकरीत जीभ बदलली. पिठाच्या हातानंच वही उघडली. आधीच्या प्रत्येक खेपेला दोन-तीन तरी इ होते. या बेचाळीस अक्षरांत एकही इ नव्हता. हि मात्र पाच.

"हिकडं ये जरा," मीच म्हणाले. "मला सांग, हा हि हिकडचा आहे की हिरव्यातला?"

त्यानं वहीत डोकं घातलं. "आता काय आठवणार गं? दोनी सांगितलं असत्याल." मग त्याला उमगलं आणि तो कपाळाला हात लावून हसत सुटला. "म्हंजी इ पायजे हुता व्हय! आणि तू मला वाचून दावलंस हि, आणि मी म्हणलं व्हय!"

चूक आमच्या दोघांच्या जिभेची होती आणि तिला वाट माझ्या नियमानं करून दिली होती. हे मी त्याला तिथल्या तिथे सांगितलं. मग कामाला लागले. पाच जागा, प्रत्येक जागी इ किंवा हि. म्हणजे बत्तीस शक्यता. मी बत्तीस ओळींचा तक्ता काढला, प्रत्येक ओळीपुढे खुणेची चौकट. इस्पितळात दोन दिवसांची रजा टाकली.

एक ओळ भरायला चार मिनिटं. अर्ध्या तासात सात ओळी, मग मशीन बंद, वर टेबलफॅन. मशीन जळेल या भीतीनं पहिल्या दिवशी दोनच खेपा केल्या, चौदा ओळी झाल्या आणि चौदाही चुकल्या. दुसऱ्या दिवशी एकविसाव्या ओळीला परत तोच वास आला. भावानं माझ्याकडे बघितलं. मी फॅन सरळ मशिनवर लावला आणि आम्ही तासभर नुसतं बसून राहिलो. त्यानं डाळिंबावरच्या तेल्या रोगाबद्दल सांगितलं, पण ऐकत दोघंही नव्हतो.

तेविसावी ओळ. चौकटीत खूण करायला पेन टेकवलं आणि पडदा निळा झाला. पाणी. होडी. होडीत म्हातारी, गाठोडं मांडीवर.

"हाय! बसल्याली हाय!" भाऊ ओरडला.

अकराव्या बेटावर त्यानं विचारलं. अजून नाही. बाराव्या बेटाकडे जाताना वारा उलटा होता. मी घड्याळ धरून बसले होते, वीस मिनिटं झाली, चोवीस झाली. बारावं बेट आलं. शेवटचा प्रवासी उतरला. भावानं तिला विचारलं. म्हातारी उभी राहिली, पण काठाकडे गेली नाही. ती नावाड्याजवळ आली आणि एक वाक्य बोलली.

"काय म्हणाली?"

भावानं पुटपुटत दोनदा वाचलं. "म्हणतीया, थकलास. हो बाजूला."

तिनं वल्हं घेतलं. नावाडी तिच्या जागी जाऊन बसला. होडी वळून समुद्रात निघाली. भाऊ सवयीनं बटणं दाबत होता, पण होडी आता त्याची ऐकत नव्हती. ज्यांनी हा खेळ केला त्यांनी शेवटी खेळणाऱ्याच्या हातातून खेळच काढून घेतला होता. इतक्या थोड्या जागेत त्यांनी एवढा विचार करून ठेवला होता.

"बिघडलं का रे?" मी विचारलं.

"न्हाई, न्हाई." त्यानं बोटं उचलली आणि हात मांडीवर ठेवून मागे टेकला. "ऱ्हाऊ दे. तिला वल्हवू दे जरा."