वालाच्या शेताचं कवाड

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. दिघी बंदराच्या वरच्या अंगाला एका वाडीत वालाच्या शेताचं कवाड उघडं राहिलं होतं. ते मी उघडं टाकलं.

पन्नाशी उलटल्यावर मी डोंगरात चालणारी उंच मोटरसायकल घेतली. पाय नीट टेकत नाहीत, त्यामुळे थांबायची जागा आधी शोधावी लागते. सोबतचे दोन मित्र माझ्याहून लहान, गाडीवर माझ्याहून शहाणे. त्या थंडीत आम्ही माणगावहून निघालो ते बॉक्साइटची बंद पडलेली खाण बघायला. डांबर संपलं, खडी संपली, मग नुसती लाल धूळ. मी हेल्मेटच्या आत मोठमोठ्यानं गात होतो. घरात मी बोलत नाही अशी कायमची तक्रार. हे गाणं कुणाला पटलं नसतं.

वाडीपाशी वाट शेतातून जात होती. भात काढल्यावर उरलेल्या ओलीवर टाकलेला वाल, शेंगा भरत आलेल्या. वरच्या कडेला बांबूचं कवाड आणि त्यापलीकडे मोकळा सडा, गुरं चरतात तो कातळाचा माळ. शेतकऱ्यानं अडवलं नाही. म्हणाला, "जावा खुशाल. पन जो मागं राहील त्यानं कवाड लावायचं."

मागं मीच राहिलो. कवाडापुढं लगेच चढ. थांबलो असतो तर गाडी पुन्हा निघाली नसती, आणि वरून मित्र विचारत होता, "काका, येताय की न्यायला येऊ?" मी अॅक्सिलेटर पिळला. मागचं चाक दगड उडवत वर गेलं, आणि मला इतकं हसू आलं की हेल्मेटची काच धुरकटली. कवाड येताना लावू म्हटलं. खरंच म्हटलं होतं.

खाण म्हणजे डोंगर चमच्यानं खाल्ल्यासारखा लाल खड्डा, मधे हिरवं पाणी. त्याभोवती आम्ही तिघं संसारी माणसं जत्रेतल्या पाळण्यासारखी गरगर फिरलो. मी दोनदा पडलो, दोन्ही वेळा हसतच उठलो. मग कुणाला तरी डंपरची जुनी वाट दिसली, ती थेट खाली दिघीच्या धक्क्यावर. बोटीत गाड्या चढवल्या. पलीकडच्या आगरदांड्याकडे निघाल्यावर अर्ध्या खाडीत मला कवाड आठवलं. सांगायला तोंड उघडलं, तर मित्रानं त्यात गरम भजी कोंबली. मी ती खाल्ली आणि गप्प बसलो.

पुढच्या थंडीत पुन्हा तिथंच गेलो. शेतकऱ्यानं ओळखलं, बसवलं, मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा पुढं ठेवल्या. शेजारचं घर धाकट्या भावाचं, पण आता बोलणं नाही म्हणाला. मागल्या साली भावाची म्हसरं कवाडातून उतरली आणि सगळा वाल खाऊन गेली. भाऊ शपथेवर सांगतो, कवाडाला हात लावला नाही.

"वाल गेला त्याचं काय न्हाय. तोंडावर खोटं बोलला, म्हनून तोडला त्याला."

मित्र सहज म्हणाला, "आम्ही तर लावून गेलो होतो. काय काका?"

मी हो म्हणून मान हलवली.

आणि लाज वाटते सांगायला, त्याही दिवशी उतारावर वारा कानात शिरल्यावर मी गायलो.

मला त्या दोन घरी जायचं आहे. थोरल्याला सांगायचं आहे की भाऊ खरं बोलत होता, आणि धाकट्याची माफी मागायची आहे. दोन्ही अजून राहिलं आहे.