खिडकीचं राज्य

बावन्न सालच्या मतदानानंतर अंबुजा शाळेत आली, तेव्हा चौथीच्या मुलींनी तिच्या बोटावरची शाई आळीपाळीनं चोळून पाहिली. ती निघेना. मग वेत्रिलैचे, म्हणजे खायच्या पानांचे मळे करणाऱ्याची शिवकामी म्हणाली, "टीचर, सरकार कुठं राहतं? त्याला ही शाई लावतात का?"

अंबुजाला हसू आलं. तिच्या घरी सरकार म्हणजे अजूनही तंजावरचा मराठा राजा. तिचे वडील तुकोजीअप्पा ओसरीवर डुलक्या घेत असायचे, पण तो शब्द कानावर पडला की पाठ ताठ व्हायची. राजा जाऊन शंभर वर्षं होत आली होती. आजोबांनी दरबारातल्या गोष्टी सांगितल्या होत्या, त्यावर अप्पांचं आयुष्य निघालं. लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली अंबुजाही त्याच गोष्टींवर वाढली होती. शिकवता शिकवता ती मध्येच थांबायची नि खिडकीबाहेर कावेरीकडे बघत स्वतःशीच मराठीत पुटपुटायची. मुलींना त्याची सवय होती.

ती खिडकी हेच वर्गातलं भांडणाचं मूळ. तिथं नदीवरचा वारा यायचा, पाण्याचा उजेड छपरावर हलायचा. प्रत्येकीला तिथंच बसायचं होतं. अंबुजानं ठरवलं, सरकार पुस्तकातून नको, खिडकीतून शिकवू.

आधी राजाचं राज्य. तांदळाच्या गिरणीवाल्याची वसंता दांडगी, ती राजा झाली. खिडकी तिची आणि तिच्या दोन मैत्रिणींची. बाकीच्यांनी लांबून वारा मागायचा. मग वडीलधाऱ्यांचं राज्य. वर्गातल्या मोठ्या मुली एकत्र बसल्या नि घंटा होईपर्यंत वाद घालत राहिल्या. त्या दिवशी खिडकीत फक्त एक कावळा बसला.

शेवटी मतदान. उमेदवार दोघी, पडद्यामागं दोघींची मडकी. वसंतानं आपल्या मडक्यावर खडूनं शंख काढला, शिवकामीनं पान. मुली एकेक करून पडद्यामागं गेल्या आणि चिंचोका टाकून आल्या. पानाचं मडकं जड निघालं. वसंताचे डोळे भरले, पण अंबुजानं सांगितल्याप्रमाणे तिनं शिवकामीला नमस्कार केला.

शिवकामीनं वर्गाला विचारून कायदा केला: खिडकीत सगळ्यांनी पाळीपाळीनं बसायचं. मग जरा थांबून म्हणाली, "टीचरचीपण पाळी."

अंबुजा म्हणाली, मी शिकवणारी, मला कशाला?

"कायदा सगळ्यांना सारखा, असं तुम्हीच सांगितलंत. तुमच्या पाळीला तुम्ही शिकवायचं नाही. तिथं बसून जे आठवतं ते सांगायचं. तुम्ही पुटपुटता त्या भाषेत."

वर्गानं हात वर केले. घरातली मराठी उंबरठ्याच्या आत. बाहेर तमिळ. शाळेत तर मुख्याध्यापिका मीनाक्षीबाईंची फक्त तमिळ बोलायची सक्त ताकीदच होती, आणि त्या स्वतः अंबुजासारख्याच मराठी घरातल्या. पण आपणच शिकवलेला कायदा मोडायचा कसा?

तिची पाळी आली त्या दुपारी वारा पडला होता. नदी आरशासारखी. अंबुजा खिडकीत बसली नि बोलू लागली.

लहानपणी ती आईबरोबर बैलगाडीतून इन्नंबूरच्या शेतावर सुगीला निघाली होती. पेंढ्यावर झोप लागली. जाग आली तेव्हा गाडी उभी होती आणि सगळीकडे धुकं. वाट नाही, बांध नाही, नुसतं देवळाचं गोपुर ढगावर ठेवल्यासारखं. गाडीवान बसल्या जागी झोपलेला. तिला वाटलं, आपण स्वर्गात आलो. आई वाट शोधायला खाली उतरली आणि धुक्यात नाहीशी झाली. फक्त हाक येत राहिली, अंबुजे, अंबुजे, म्हणजे लेकरानं भिऊ नये. हाक लांब लांब जात होती...

मुलींना एक शब्द कळत नव्हता, तरी कुणी हलत नव्हतं. ते जुने शब्द एकेक करून नदीवर उतरताहेत आणि बुडत नाहीत, असं अंबुजाला वाटलं.

तेवढ्यात तिला दारात मीनाक्षीबाई दिसल्या. अंबुजा चटकन उठली. शिवकामी पुढं होऊन म्हणाली की हा वर्गाचा कायदा आहे, टीचरची पाळी संपायची आहे.

मीनाक्षीबाईंनी पदर सावरला, आत आल्या आणि मागच्या मुलींशेजारी जमिनीवर बसल्या. बराच वेळ छपरावरच्या उजेडाकडे बघत राहिल्या. मग मराठीत म्हणाल्या, "पुढं काय झालं गे?"

अंबुजा पुन्हा खिडकीत बसली. तिनं सांगितलं, आई परत आली तेव्हा तिचं लुगडं दंवानं भिजलं होतं आणि हातात नव्या भाताच्या लोंब्या होत्या. शेत पायाशीच होतं. धुक्यात ते दिसलं नव्हतं, एवढंच.

उठताना मीनाक्षीबाईंनी शिवकामीच्या डोक्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी ताकीद मागं घेतली, असं काही म्हणाल्या नाहीत. पण ती पुन्हा कुणाला दिली नाही.

पुढच्या निवडणुकीत शिवकामी हरली. दोन दिवस रुसली, मग जिंकलेल्या पंकजाला खिडकीच्या पाळ्या समजावून देत बसली. वर्षानुवर्षं चौथीत मडकी मांडली गेली. वर्ग बदलले, चिन्हं बदलली, टीचरची पाळी तेवढी कुठल्याच सरकारनं काढली नाही.

शाळा सुटली की मीनाक्षीबाई आणि अंबुजा आता नदीकाठानं घरी जायच्या. वाटेत मीनाक्षीबाई एखादा शब्द विचारायच्या, माझी आजी याला काय गे म्हणायची? कधी दोघींनाही आठवायचा नाही. मग तो येईतोवर त्या घाटाच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसायच्या.