‘पुसणे’ : एक क्रियापद, दोन नोंदी

आपल्याच बोलीतला शब्द आपल्याला नीट समजला, म्हणूनच जे नुकसान झाले, त्याचा दोष कोणाच्या पदरात घालावा? या प्रश्नाचे उत्तर हे लिहिताना सापडले नाही. ते बोरी बुद्रुकच्या संस्कृती नावाच्या मुलीपाशीही नव्हते. तिच्यापाशी होता तो वडिलांचा जुना लॅपटॉप.

बैलगाडा शर्यतींवर बंदी आली, गाडे पळायचे ते घाट ओस पडले, आणि घाटावर माईक धरून शर्यतीचे निवेदन करणाऱ्या तिच्या वडिलांचे, गोकुळचे, तोंड बांधल्यासारखे झाले. मग तो पडवीत बसून समोर नसलेल्या बैलांचे वर्णन करी आणि ते लॅपटॉपवर ध्वनिमुद्रित करून ठेवी. २०२१च्या उन्हाळ्यात करोनाने तो गेला. मोबाईल दवाखान्यातच गहाळ झाला. त्या वर्षाच्या अखेरीस बंदी उठली, तेव्हा यात्रेत घाटावर पहिला आवाज गोकुळचाच लावायचा, असे पंचांनी ठरवले. त्याच्या बायकोने, मंगलने, त्या दिवसासाठी जीव धरून ठेवला होता.

संस्कृती मंचरच्या कॉलेजात संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती. प्रात्यक्षिकांना लिनक्स ही संगणकप्रणाली लागे. आडत्याची मुलगी सिद्धी तिची वर्गमैत्रीण. तिने लिनक्स भरलेला पेनड्राइव्ह हातावर ठेवला.

“घाबरतेस काय गं? लिनक्स कुणाच्या बापाचं नाही, फुकट आहे. भाषा मराठी निवड. आणि ते प्रत्येक गोष्ट विचारूनच करतं.”

दुपारी संस्कृती पडवीत लॅपटॉप घेऊन बसली. यंत्र आपल्या भाषेत बोलते आहे याचे तिला एवढे अप्रूप वाटले की, पडद्यावरची ओळन् ओळ ती मेथी निवडणाऱ्या आईला मोठ्याने वाचून दाखवू लागली.

“एक, जुन्या प्रणालीच्या शेजारी स्थापना करा. दोन, डिस्क पुसून स्थापना करा.”

“शेजारी नगं,” मंगल म्हणाली. “शेजाऱ्यानं आपला बांध कोरला तेवढा बास झाला. दुसरं काय म्हणतंय?”

“पुसून करतो म्हणतंय.”

“मग तेच घे. तुझा बाप न पुसता कुणाच्या दारात उभा राह्यला न्हाई.”

त्या घरात लादीला फडके मारीत. पुसायचे ते माणसाला. वाट पुसायची, दुखलेखुपले पुसायचे. पडद्यावर ‘डिस्कला पुसून’ असे असते, तर संस्कृतीचा अर्थ बरोबरच होता. ‘ला’ नव्हता, हे तिच्या नजरेतून सुटले नाही. यंत्राची मराठी कच्ची असणार, असे ती धरून चालली. शेवटी पडद्यावर आले : बदल डिस्कवर लिहिले जातील. पुढे जायचे?

“बघ, पुसतंय की,” मंगल हसून म्हणाली. “हुशार हाय.”

संस्कृतीने ‘होय’ दाबले.

काम निर्वेध पार पडले. नवा पडदा स्वच्छ होता. नको तितका स्वच्छ. वडिलांच्या नावाचे फोल्डर तिने एकदा शोधले, मग नाव बदलून, मग नुसते पहिले अक्षर घालून.

“लाव की त्यांचं एखादं,” मंगल म्हणाली.

“आई, पुसलं गेलं.”

“कुणाला पुसलं?”

संस्कृतीने शोधाच्या चौकटीत पुन्हा नाव घातले.

“मला तर न्हाई पुसलं,” मंगल म्हणाली, आणि मेथी तशीच टाकून आत गेली.

सिद्धीला फोनवर ऐकताच रडू फुटले. “बंद कर आधी! जितकं वापरशील तितकं त्याच्यावर लिहिलं जाईल.” लॅपटॉप त्या क्षणापासून बंद राहिला. पुसलेले परत कसे मिळवायचे, याच्या आज्ञा संस्कृती कॉलेजच्या यंत्रांवर शिकली. जिथे वर्गातली बाकीची मुले फाइली बनवायला शिकत होती, तिथे ती मेलेल्या फाइलींचे सांगाडे ओळखायला शिकली. शिक्षकांनी तिची वर्गात तारीफ केली, तेव्हा ती खाली बघत राहिली.

यात्रेच्या तोंडावर, कॉलेजच्या यंत्राला ती डिस्क जोडून, तिने आवाजाचा एक तुकडा सोडवला आणि तो घरी मोबाईलवर आणला. ऐकण्याआधीच आईला हाक मारली, ही तिची दुसरी चूक. तुकड्यात आधी खरखर होती, मग एक बाई हसत होती. “पुरं करा आता, लोक येडं म्हणतील!” ती बाई म्हणजे मंगलच. गोकुळ उत्तर द्यायला श्वास घेतो, तेवढा ऐकू येत होता. पुढे काही नव्हते.

“हे कशाला ठेवलं?” मंगलने विचारले. “हे गेलं असतं तर चाललं असतं.”

यात्रेच्या दिवशी पंचांनी दुसऱ्या गावचा निवेदक आणला. मंगल घाटावर गेली नाही. घरात लेकीशी ती कामापुरते बोलू लागली, आणि ‘पुसणे’ हा शब्द दोघींपैकी कोणाच्याच तोंडी पुन्हा आला नाही.

जुलै २०२४मध्ये संस्कृती पुण्यात एका कंपनीत लिनक्सचे सर्व्हर सांभाळण्याच्या कामावर रुजू झाली. आळेफाट्याच्या स्टँडवर तिला सोडायला घरून कोणी आले नव्हते.